पुढची सलग सीट

४ मार्च

भोंग्या,

आशीर्वाद पत्राच्या डोक्यावर लिहायची पद्धत आहे. या खेपेला ते राखून ठेवलेत. मोटार दारात आली की देईन.

ब्रेक दाखवून आणतो म्हणून तू मोटार घेऊन गेलास. जाताना माझ्या पाया पडलास, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मोटार आली नाही. तिच्याऐवजी पोस्टाने तुझ्या मोटारींच्या दुकानाचं गुळगुळीत पुस्तक आलं. पानोपानी तीच एक लाल गाडी. समोरून, मागून, वरून, डोंगरावर, पाण्याकाठी. एवढे फोटो काढावे लागतात म्हणजे पोरीला स्थळ मिळत नसणार, असं मला वाटलं.

आत तू पेनाने लिहिलंयस, ‘आजी, ही बघ आणि आपला जुना डबा आठव.’ बघितली. जमिनीपासून वीतभर उंच. दोन माणसांची जागा. डिकीत एक पिशवी मावेल, तीही रिकामी. ती बसायची आहे की पायात घालायची, तेवढं कळव. पापणी लवायच्या आत म्हणे ती वाऱ्यासारखी सुटते. सुटून जाते कुठे? आपल्या गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची सायकल आडवी लावलेली असते. तिथे तुझी लाल आणि माझा डबा, दोघी सारख्याच उभ्या राहणार.

आता तुला आठवण करून देते, कारण विकणाऱ्या माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं. तुझ्या आत्याचा डावा गुडघा लहानपणी पिकला, आणि बरा होताना हाडाला हाड जुळून बसलं. तो पाय वाकत नाही. त्या पायाने तिला रोज दवाखान्यात जायचं असतं, रक्त तपासायच्या खोलीत. आपल्या मोटारीला पुढे दोन वेगळ्या खुर्च्या नाहीत, बाकासारखी एक सलग सीट आहे, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असल्यामुळे मध्ये काही आडवं येत नाही. ती दाराला पाठ टेकून बसते, पाय सीटवर लांब सोडते, टाच माझ्या मांडीला टेकते, आणि मी मोटार हाकते. मागच्या दारातून तो पाय आत जात नाही. बसची पायरी तिला चढवत नाही. तू मोटार नेल्यापासून आम्ही भाड्याची गाडी बोलावतो. कालचा ड्रायव्हर म्हणाला, पाय खाली घ्या, सीट खराब होते. मी त्याला जे बोलले ते पोस्टाच्या कागदावर लिहिण्यासारखं नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस, आणि पुढच्या खेपेला म्हणतोस मी असं म्हटलंच नव्हतं. बोललेलं हवेत विरतं. जे काय ते कागदावर लिही.

तुझी आजी


११ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून हसलो आणि घाबरलोही. ब्रेकचं काम झालं आहे. पण त्या मॉडेलचे बारीकसारीक भाग आता कुठे बनत नाहीत, शोधून आणावे लागतात. शिवाय गाडी उघडल्यावर कळलं की पत्रा दोन ठिकाणी गंजलाय. म्हटलं आता हात लावलाच आहे तर नीट करू. थोडा धीर धर. शेवटी तूच खूश होशील.

लाल गाडीवर तू उगाच राग काढतेस. मी ती रोज चालवून दाखवतो, म्हणून सांगतो. आपल्या डब्यात सकाळी चोक ओढा, पंप मारा, देवाला हात जोडा, मग ती खोकत उठते. हिचं बटण दाबलं की झालं. वळणावर आपली अशी झुकते की मागचे सगळे एकमेकांच्या अंगावर. ही रस्त्याला चिकटून वळते. आपलीचा ब्रेक आज दाबला तर उद्या लागतो. हिचा ब्रेक पायाच्या नुसत्या विचाराने लागतो. हे मी विक्रेता म्हणून सांगत नाही, ड्रायव्हर म्हणून सांगतोय.

मला कळतं, आजी. त्या गाडीत आजोबा आहेत. तू ती चालवतेस तेव्हा ते शेजारी असल्यासारखं वाटत असेल. म्हणूनच मी तिचं असं काहीतरी करतोय की त्यांनाही अभिमान वाटला असता. जास्त सांगत नाही.

आत्याला म्हणावं, थोडेच दिवस.

तुझा भोंग्या


१६ मार्च

भोंग्या,

तुझे आजोबा त्या मोटारीत नाहीत. ते जिवंत होते तेव्हाही तिच्यात कमी आणि तिच्याखाली जास्त असायचे. तिला ते जे शिव्या द्यायचे त्या ऐकून मिस्त्री कानाला हात लावायचा. त्यांनी ती तिसऱ्या हातची घेतली, कारण तिला पुढे सलग सीट होती आणि पोरीचा पाय मावत होता. गावभर फिरून, प्रत्येक मोटारीत पोरीला बसवून बघून घेतली. अभिमानासाठी घेतली नाही. शेजारी कोणी असल्यासारखं मला वाटत नाही. शेजारी तुझी आत्या असते, आणि तिची टाच टोचते.

तुला वाटतं म्हातारी आठवणी कुरवाळत बसली आहे. अरे, लोखंड आहे ते. उद्या त्याच्या जागी हातगाडी दिलीस आणि तिच्यात पोरीचा पाय मावला, तर मी हातगाडी ढकलीन.

आता इकडचं ऐक. भाड्याच्या गाड्या एक दिवस येतात, दोन दिवस येत नाहीत. त्या पायाची बाई आहे कळलं की म्हणतात गाडी दुसरीकडे गेली. तुझी आत्या उशिरा पोचते. रक्त काढून ठेवलेल्या बाटल्या तिची वाट बघत बसत नाहीत. परवा तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, येण्याजाण्याची सोय होईपर्यंत घरी बसा, तोवर दुसरी मुलगी बघते. दुसरी मुलगी. नोकरीला लागल्यापासून तिच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं नाही. ती घरी आली, काठी कोपऱ्यात ठेवली, आणि तेव्हापासून भांडी घासतेय. घासलेली परत घासतेय.

तुझा बाप समुद्रापलीकडे बसलाय, त्याला सांगून काही होत नाही. म्हणून तुला सांगते. ती दुसरी मुलगी त्या खुर्चीत रुळायच्या आत मोटार दारात पाहिजे. गंज राहू दे. गंजाने कोणाची नोकरी जात नाही. उत्तराच्या पहिल्या ओळीत तारीख लिही, मग बाकीचं काय गुळमुळीत लिहायचं ते लिही.

आजी


२५ मार्च

प्रिय आजी,

५ एप्रिल.

बघ, पहिल्या ओळीत लिहिली. त्या दिवशी आमच्या नव्या शोरूमचं उद्घाटन आहे आणि तुम्ही दोघींनी यायचंच. गाडी पाठवतो, मोठी, आत्याला मागे आडवं बसता येईल अशी. तिच्या नोकरीचं ऐकून वाईट वाटलं. आता थोडेच दिवस, खरंच.

गुपित ठेवणार होतो, पण तू इतकी चिडलीस की सांगून टाकतो. आपली गाडी आमच्या काचेमागे उभी राहणार आहे. गोल फिरणाऱ्या चबुतऱ्यावर, लाल गाडीच्या शेजारी. साहेबांची कल्पना नाही, माझी. लोकांना जुनं आणि नवं एका नजरेत दिसावं. महिनाभर राहील, मग नव्या नवरीसारखी तुझ्या दारात.

आणि तू तिला ओळखणार नाहीस. रंग मूळचा होता तसाच क्रीम, पण आरशासारखा. चाकांना नव्या झाकण्या. आणि सगळ्यात भारी म्हणजे आतलं काम. ती फाटकी सलग सीट, जिच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या, ती काढून टाकली. तिच्या जागी दोन वेगळ्या खुर्च्या बसवल्या, चामड्याच्या, हाताने शिवलेल्या. मध्ये सामान ठेवायला छोटा कप्पाही केलाय. आता तुझी पाठ दुखणार नाही.

तुझा भोंग्या


२९ मार्च

ती सीट कुठे आहे?

पाच तारखेला येते. पोरीला घेऊन येते. तुझ्या त्या लाल गाडीत तिला बसवून दाखव, चार लोकांच्या देखत. म्हणजे सगळ्यांना एका नजरेत दिसेल.


७ एप्रिल

आजी,

प्रिय वगैरे नंतर. मला पहिल्यांदाच तुझा इतका राग आलाय, आणि तूच म्हणतेस कागदावर लिही, तर लिहितो.

माझं चुकलं. सीट कुठे आहे विचारलंस. सीटवाल्याकडे स्वतः जाऊन आलो. स्प्रिंगा भंगारात गेल्या, वरचं कापड तो हात पुसायला वापरतोय. मी ते काढताना एकदाही आत्याचा विचार केला नाही. तिला त्या सीटवर बसलेली मी लहानपणापासून पाहतोय, तुझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायचो तेव्हा तिचं पाऊल माझ्या बाजूला असायचं. तरी सुचलं नाही. ही चूक दुसऱ्या कोणाला करताच आली नसती. ती माझी. मान्य.

पण परवाचं काय?

तू आत आलीस. सगळे पाहुणे सरबताचे ग्लास घेऊन उभे. तू आपल्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाहीस. मध्ये लावलेल्या ‘काल आणि आज’ या पाटीवर छत्रीची मूठ ठोकलीस आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं म्हणालीस, “हे काल, हे आज, आणि माझी पोरगी उद्या कामाला कशाने जाणार?” साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. तेही ठीक. ते मी ऐकून घ्यायलाच हवं होतं.

मग म्हणालीस, बसव तिला. मला वाटलं ती बसणार नाही, आणि मी तिथेच जमिनीत जाईन. मी लाल गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, कारण भिंतीमुळे तेवढंच पूर्ण उघडत होतं. दोनच दारांची गाडी असल्यामुळे तिचं दार फाटकाएवढं लांब असतं. सीट बटणाने मागे सरकवली. आत्याने काठी तुझ्या हातात दिली, पाठमोरी झाली, मला धरून खाली टेकली, आणि वळली. पाय तिच्यामागून आत आला. सरळच्या सरळ. नाकापर्यंत लांबच लांब जागा असते त्या गाडीत, आजी, तिच्यात सगळेच पाय पसरून बसतात. ती अशी बसली की जणू तिच्याच मापाने केली होती.

तिने खाली बघितलं. विचारलं, “क्लच कुठाय रे?” म्हटलं नाही आत्या, या गाडीला दोनच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचे. तिने उजवा पाय ब्रेकवर ठेवला. हात स्टिअरिंगवर ठेवले.

आणि तू म्हणालीस, “उतर खाली.”

ती उतरली नाही. तू परत म्हणालीस, आवाज चढवून. पाहुणे सरबत प्यायचे थांबले. ती न बसल्याने मी तोंडावर पडावं म्हणून तू आली होतीस. ती बसली, तर तुला दुप्पट राग आला. मला कळत नाही, तुला तिची सोय हवी होती की मला हरवायचं होतं?

भोंग्या


११ एप्रिल

भोंग्या,

तू सीटची कबुली दिलीस, ती घेतली. बाकीची वकिली तुझ्यापाशी ठेव.

मी हरले असं तुला वाटतंय. बसली ती. उद्या हत्तीवर बसवलीस तर हत्तीवरही बसेल, म्हणून काय हत्ती पाळायचा? बसायला माझा नातू हाताला होता, पण उतरताना तुझ्या दोन कोट घातलेल्या पोरांनी तिला काखेत धरून वर काढली, विहिरीतून काढतात तशी. ते तुझ्या पत्रात आलं नाही. सोयीचं तेवढंच.

आणि ड्रायव्हरच्या जागी का बसवलीस? भिंत होती म्हणतोस. तुझं दुकान, तुझी गाडी, तुझी भिंत. शेजारच्या जागेवर बसवली असतीस तर तिने बघितलं असतं, उतरली असती, विषय संपला असता. आता तिच्या डोक्यात काय भरलंय ते तू येऊन बघ. परत येताना सगळ्या वाटेने माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अजून विचारल्याशिवाय बोलत नाही. जेवायला वाढते, पाणी ठेवते, आणि तोंडाला कुलूप. भांडी घासायची मात्र थांबली. परवा दुपारी मी डोकावले, तर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, आणि उजवा पाय हवेत दाबत होती. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. मी म्हटलं हे काय चाललंय. तर म्हणाली काही नाही, मुंग्या आल्यात.

एका पायाच्या बाईने गाडी चालवायची? रस्त्यात पोर आडवं आलं तर? मध्येच बंद पडली तर खाली उतरून ढकलणार कोण? ती रस्त्यात अडकली तर मला कोण कळवणार? मी आहे ना तिला न्यायला. रोज नेते. ऊन असो पाऊस असो, मोटार तापवून दारात उभी असते. मी कधी म्हटलं मला कंटाळा आला?

दोन खुर्च्या काढ आणि बाक बसव. स्प्रिंगा नसतील तर लाकडी फळी टाक. मी वर गोधडी घालीन.

आजी


१५ एप्रिल

आई,

हे पत्र पोस्टमन तुझ्या हातात देईल तेव्हा मी आतल्या खोलीत असेन. हाक मारू नकोस. आधी वाच. बोललेलं हवेत विरतं असं तूच म्हणतेस, म्हणून एकाच घरातून तिकीट लावून पाठवते आहे. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत मी एकटी चालत गेले, तू झोपली होतीस.

मला भोंग्याचा राग आला आहे. त्याने मोटार नेली, सीट कापली, आणि मला विचारलं नाही. पण तुझा राग त्याहून जास्त आहे. पाच तारखेला निघताना तू नुसतं म्हणालीस, चल, मोटार बघून येऊ. आणि तिथे सगळ्यांसमोर म्हणालीस, बसवून दाखव. आई, मी कपाट नाही. जिन्यातून वर जातं का, दारातून मावतं का, असं बघायला मी सामान नाही. त्याने दोन गाड्या मांडल्या होत्या, तू मला तिसरी वस्तू म्हणून मध्ये नेऊन ठेवलीस. मी मावू नये म्हणून नेलंस. मी मावले तर म्हणालीस उतर.

मला काय वाटलं ते सांगते. मोटारीत मी तुझ्याकडे तोंड करून बसते. इतकी वर्षं. तुझ्या कानामागचा तीळ मला पाठ आहे. दवाखान्याच्या वाटेवर वळण आलं की तुझी मान कशी ताणली जाते त्यावरून मला कळतं, आता पूल आला, आता रेल्वेचं फाटक. रस्ता मी बघितलाच नाही. तुझं कानशील बघितलं. त्या लाल गाडीत बसल्यावर पहिल्यांदा सगळं नाकासमोर आलं. समोर काही रस्ता नव्हता, काचेपलीकडे चपलांचं दुकान होतं. पण ते माझ्या समोर होतं, बाजूला नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी मला फार पूर्वीच सांगितलं होतं, उजवा पाय उत्तम आहे, बिनक्लचची गाडी असेल तर लायसन मिळेल, मी लिहून देतो. मी तुला बोलले नाही. कसं बोलणार? रोज सकाळी तू मोटार तापवून दारात उभी असायचीस.

तुला ताप आला की माझी रजा. तुझी पाठ धरली की माझी रजा. आणि आता तुझ्या मोटारीची सीट फाडली तर माझी नोकरी. माझ्यानंतर पोरीचं काय होईल, असं तू शेजारच्या काकूंना विचारतेस. भिंत पातळ आहे, मला ऐकू येतं. त्यांना काय माहीत असणार? एकदा मला विचार.

मला फळी नको आणि गोधडी नको. लाल गाडीही नको, तिच्यातून उठताना माझी अब्रू जाते. पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अशा दोनच पायपट्ट्यांची, लांब दाराची, जरा उंच अशी कुठलीतरी असेलच. मी ती चालवणार आहे. तू चिडलीस तरी.

तुझी मुलगी


१८ एप्रिल

भोंग्या,

तुझ्या आत्याचं मला पत्र आलं. शेजारच्या खोलीतून. पोस्टमन म्हणाला, आजी, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तुमचा पत्ता एकच कसा? मी म्हटलं, तू पत्र वाटायचं काम कर.

काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही. मी आत गेले आणि तिला म्हटलं, तू कपाट नाहीस ते कळलं, कपाट उलटून बोलत नाही. ती हसली नाही. मीही हसले नाही. मग आम्ही भांडलो, चांगलं तास दोन तास, भिंत पातळ असूनसुद्धा. शेजारच्या काकूंनी रेडिओ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. माझं सगळं म्हणून झालं, पोर आडवं आलं तर, गाडी बंद पडली तर. तिने प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटी मी म्हटलं, आणि मी काय करू सकाळी उठून? ती चहा टाकायला गेली.

तेव्हा आता नीट ऐक. मोटार आणू नकोस. राहू दे तुझ्या काचेत, फिरू दे गोल गोल. रस्त्यावर तिने भरपूर काम केलं, आता उभ्याने मिरवू दे. बाक नसलेली ती मला कशाला हवी? फक्त ती पाटी उतरव. काल आणि आज म्हणे. ज्यात बसून माणूस कामाला जातं ती आजची. जी काचेत उभी असते ती कालची, मग ती कितीही लाल असो.

आणि तुझ्या धंद्यातल्या ओळखीने एक गाडी बघ. दोन पायपट्ट्या, लांब दार, मागे सरणारी सीट, बसायला आपल्या मोटारीएवढी उंच. वापरलेली चालेल, आम्हीही वापरलेल्याच आहोत. घेताना तुझ्या आजोबांनी केलं तसं कर, आत्याला घेऊन फिर, प्रत्येक गाडीत बसू दे. पण या खेपेला चाकामागे. आणि कुठली घ्यायची ते तिला विचार, मला नाही. मला विचारलंस तर मी नाही म्हणेन, एवढा राग अजून आहे.

आजी


२ मे

प्रिय आजी,

गाडी मिळाली. आत्याने पाच नाकारल्या. एकीचं दार आखूड, एकीची सीट कमी मागे जाते, एकीचा रंग म्हणे दवाखान्याच्या भिंतीसारखा. मी विक्रेता असून इतकं चिकट गिऱ्हाईक पाहिलं नाही. ती तुझीच मुलगी आहे. आजपासून शिकवणारे मास्तर येतील, पोरांना शिकवतात तेच. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं की लायसन मिळालं की हजर होते, खुर्ची ठेवा. त्या हो म्हणाल्या.

पाटी उतरवली. साहेबांना कारण सांगितलं, त्यांना पटलं नाही, तरी उतरवली.

एक लिहायचं होतं. काल दुकान बंद झाल्यावर मी आपल्या मोटारीत आत्यासारखा आडवा बसून बघितलं. दाराला पाठ लावली आणि पाय लांब केले. मध्ये मीच करून घेतलेला कप्पा पोटरीला टोचला. आणि समोर फक्त ड्रायव्हरची रिकामी जागा. बाकी काही दिसत नाही, आजी. मी गाड्या विकतो आणि मला हे माहीत नव्हतं.

तुझा भोंग्या


३० जुलै

भोंग्या,

तुझ्या आत्याला लायसन मिळालं. मास्तर म्हणाले पहिल्या फटक्यात पास झाली. त्यात काय विशेष, पास व्हायलाच गेली होती.

गाडी कशी आहे विचारतोस. वाईट आहे. आवाज करत नाही, त्यामुळे चालू आहे की बंद ते कळत नाही. काचा बटणाने खाली जातात, आणि घाईत वर येत नाहीत. पट्टा लावला नाही की किंचाळते, नव्या सुनेसारखी नाही, जुन्या सासूसारखी. मी तिला हात लावून चापट मारली तर आत्या म्हणाली, आई, ही मारून चालत नाही.

आणि चालवते कशी ते विचारू नकोस. ब्रेक उशिरा दाबते. मी पहिले काही दिवस शेजारी बसले. माझ्या बाजूला ब्रेक नसतो, तरी माझा पाय खाली दाबून दाबून पोटरीत गोळा आला. मी ओरडले की ती रस्त्याकडे बघत शांत सांगते, दिसलंय मला. तिला सगळं दिसतं आता. पुलाजवळ नवं औषधाचं दुकान झालंय, रेल्वे फाटकाच्या भिंतीवर कोणीतरी मोर काढलाय, हे ती मला सांगते. इतकी वर्षं त्याच रस्त्याने मी गेले, मला मोर दिसला नाही.

सोमवारी ती कामावर हजर झाली. मी चपला घालून दारात उभी. म्हटलं, येते दवाखान्यापर्यंत. तिने काठी आत टाकली, बसली, पाय आत घेतला, आणि मला म्हणाली, “आई, गाडी दिवसभर तिथे राहणार. तू परत कशी येशील?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी सोडायला जायचे आणि मोटार घेऊन यायचे, म्हणून तसंच वाटत होतं. मी म्हटलं, मी कुठे येत होते, फाटक लावायला आले होते. तिने आरसा नीट केला. मग गेली. गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची सायकल आडवी होती. हॉर्न असा दणकून वाजवला की तो पळत आला. तेवढं मात्र बरोबर केलं.

मी फाटक लावलं आणि आत येऊन बसले. उजवीकडे सोड, डावीकडे वळ, कोणाला सांगायचं नव्हतं. बसल्या बसल्या माझा हात मांडीवर गेला. तिथे रोज तिची टाच टोचायची, तिला मी रोज म्हणायचे पाय जरा मागे घे. आता जागा मोकळी आहे. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, मला मोटारीची आठवण येत नाही.

संध्याकाळी गाडी परत दारात आली. तू नेलीस ती नाही, पण मी बोलले होते की मोटार दारात आली तर देईन. तेव्हा घे. आशीर्वाद.

आजी